गाय पोचली का?

भाऊ, तुम्ही गेल्याचे मेल मीच पाठवले. चंद्रपूरच्या छापखान्यातले तुमचे जुने सोबती, नागपूरचे कागदवाले, अहेरीकडचे दोघे मास्तर, सगळ्यांना. पाठवून झाल्यावर लक्षात आलं की सवयीनं प्रत्येक मेलच्या डोक्यावर मी गाय टाकली आहे. "ज्ञानूच्या काळ्या गाईनं ऋषीभाऊचा वऱ्हाडातला दुपट्टा क्षणात खाल्ला, आणि ज्योत्स्ना नुसती पाहत राहिली." आणि त्याच्या खाली, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की". मी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हटलं, राहू दे. तुमच्याकडून आलेल्या मेलात गाय नसती तर या लोकांना तो मेल खरा वाटला नसता.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "थकाले काय झालं, खुर्चीवरच तं बसून राह्यली." तर खुर्चीवर बसूनच थकले. तुम्हाला नेलं त्याच दुपारी शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून एकजण आत वाकला आणि सातबारा निघेल का म्हणून विचारायला लागला. मी काढून दिला. नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते.

पण खरं थकवलं ते प्रज्ञानं. तुमची एकुलती एक लेक, तिकडे पोर्तुगालमध्ये, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर विमानात बसू देईनात. येऊ शकली नाही म्हणून तिला कोणी बोल लावला नाही. पण तिचा आवाजही आला नाही, भाऊ. तुम्हाला नेताना तुमच्या पुतण्यानं मोबाईलवर व्हिडिओ लावला होता. तिनं आपली बाजू बंदच ठेवली. काळा चौकोन आणि त्यावर तिचं नाव, एवढंच आम्ही पाहिलं. नंतर रोज मेसेज. आई जेवली का, आईनं गोळी घेतली का, आईजवळ कोण आहे. फोन केला की उचलायची नाही आणि लगेच लिहून उत्तर द्यायची. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. येईल त्याला एकच सांगायच्या, "पोरीचा आवाज नाई आला अजून. रडली तरी चालन, पन आवाज तं येऊ दे." मी ते ऐकायची आणि मला राग यायचा, तो तिच्यापेक्षा तुमचा जास्त. लेक तुमचीच. मनातलं बोलायची वेळ आली की तुम्हीही कीबोर्डमागे जाऊन बसायचात.

मी दुकानात आले तेव्हा टायपिंगची परीक्षा देऊन नुकती मोकळी झाले होते. गोंडपिपरीच्या बसस्टँडसमोरचं तुमचं ते अरुंद दुकान, टायपिंग, छपाई, लग्नपत्रिका. त्याआधी चंद्रपूरच्या छापखान्यात तुम्ही खिळे जुळवायचात, शिशाचं एकेक अक्षर उलटं वाचून ओळीत बसवायचात. छापखाना बंद पडला तसे गावी येऊन कॉम्प्युटर मांडून बसलात. उन्हाळ्यात मशीन तापून बसकण मारायचं, म्हणून त्याच्या डब्याचं एक झाकण काढून टेबलफॅन लावलेला असायचा. पंखा मशीनला आणि घाम आपल्याला. मुलाखतीत कामाचं तुम्ही काही विचारलंच नाहीत. माझं नाव ऐकलंत आणि खूश झालात. "ज्योत्स्ना. वा. त, स, न, सगळे एकमेकाले चिकटून. खिळे जुळवाले बसलो असतो तं घाम फुटला असता." मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतो. ते मत मी पुढेही फारसं बदललं नाही.

तेव्हा गावात मेल म्हणजे नवलाई होती, आणि मराठी मेल म्हणजे डोकेदुखी. आपण जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचो. आपल्या पडद्यावर झकास मराठी दिसायची, पण तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याच्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. गिऱ्हाईक म्हणायचं, कागद स्कॅन करा, फोटो पाठवा, भानगड मिटली. मीही तेच म्हणायची. मागे रांग लागलेली असायची, वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि तुम्ही आपले त्या खिचडीतून एकेक अक्षर परत उभं करत बसलेले.

"फोटो म्हंजे अक्षराचं सोंग हाय," तुम्ही म्हणायचात. "त्यात काई शोधता येत नाई, काई सुधरवता येत नाई. अक्षर धाडलं तं अक्षर म्हनूनच पोचलं पाह्यजे."

"भाऊ, माणसाला मजकुराशी मतलब आहे. तो फोटोतून वाचतो का अक्षरातून, काय फरक पडतो?"

"तुले नाई पडत."

ही आपली रोजची कटकट. शेवटी कुठून कुठून माहिती गोळा करून तुम्ही नवी पद्धत बसवलीत, जिच्यात मराठी अक्षर जगात कुठेही मराठी अक्षरच राहतं. निदान राहायला हवं. कारण वाटेतली सगळी यंत्रं तेव्हा ती पद्धत पाळत नसत. त्यावरही तुमचा एक नियम होता आणि तो तुम्ही मला इतक्यांदा सांगितलात की अजून तुमच्याच आवाजात ऐकू येतो. मेलमध्ये वेडीवाकडी चिन्हं आली तर घाबराचं नाई. अक्षरं जिवंत आहेत, फक्त आपलं यंत्र ती चुकीच्या लिपीतून वाचतंय. मेन्यूत जाऊन लिपी बदलली की परत येतात. पण प्रश्नचिन्हं आली तर गेलं. म्हणजे वाटेत कुठल्या तरी यंत्राला आपलं अक्षर ओळखू आलं नाही, त्यानं ते फेकून दिलं आणि त्या जागेवर प्रश्नचिन्ह ठेवलं. ते अक्षर मग कोणत्याही मेन्यूत सापडत नाही.

प्रज्ञा तेव्हा नुकती पोर्तुगालला संशोधनाला गेली होती. मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांतून. तुम्हाला ते वाचवत नसे. "आपल्या पोरीचा मेल वाचून राह्यलो का पावतीवरचा मजकूर, समजतच नाई," असं म्हणून तुम्ही तिला बजावलंत की घरची गोष्ट आपल्या अक्षरात लिहीत जा, आणि ज्या भाषेचा शब्द असेल तो त्या भाषेच्या अक्षरात. तिनं खटपट केली. तिकडच्या विद्यापीठातल्या मशीनवर मराठी टाइप करायला शिकली. आणि लग्नसराईच्या ऐन गर्दीत, पत्रिका खोळंबलेल्या असताना, तिचा पहिला मराठी मेल आला. तुम्ही मला हाक मारलीत. तुमची ती हाक ऐकून ऋषीभाऊसुद्धा शेजारच्या चहाच्या टपरीवरून किटली घेऊन आले.

पानभर प्रश्नचिन्हं. शब्दांच्या जागा दिसत होत्या, मधे स्वल्पविराम होते, पूर्णविराम होते, परिच्छेदसुद्धा होते. अक्षर एकही नव्हतं. आणि त्या सगळ्यात, वरून खालपर्यंत, चार-पाच ठिकाणी एकच शब्द शाबूत. रोमन अक्षरांतलं एक छोटं नाव, त्यातल्या तिसऱ्या अक्षराच्या डोक्यावर एक लाट. जुआंव. अर्थात तेव्हा आपल्याला त्याचा उच्चारही येत नव्हता. तिकडच्या यंत्राला पोर्तुगीज अक्षरं ओळखीची होती, आपली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पण बापाच्या डोळ्यांना काय दिसलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं.

"सगळं गेलं," तुम्ही म्हणालात, "आन हाच राह्यला."

ऋषीभाऊ चहा न ओतताच परत गेले. तुम्ही मेन्यूतल्या सगळ्या लिप्या एकामागून एक लावून पाहिल्यात. मीही पाहिल्या, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. जेवून आलात आणि पुन्हा तेच. पडद्यावर बोट ठेवून तुम्ही मला म्हणालात, "पह्यला शब्द बाबा हाय. ब, काना, ब, काना. चार प्रश्नचिन्हं. बराबर?" बरोबर होतं. पुढचा एकही शब्द तुम्हाला जुळवता आला नाही. छापखान्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, आणि लेकीच्या चिठ्ठीतला एक 'बाबा' तेवढा हाती लागला. ती परवानगी मागते आहे, का झालेलं सांगते आहे, का परत येणार नाही म्हणते आहे, काही कळायला मार्ग नव्हता. तुम्हाला इतकं घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या कोणी पहिल्या मिनिटाला फोन लावला असता. मी म्हटलंसुद्धा, "भाऊ, फोन लावा."

"काय म्हनू?"

"म्हणा, मेल फुटला. प्रश्नचिन्हं आली. वाचून दाखव."

हे तुम्हाला पटलं. लेकीला तुझ्या मनात काय आहे असं विचारणं तुम्हाला जमलं नसतं, पण मेल फुटला हे सांगायला तुम्हाला कसलाच संकोच नव्हता. ती तांत्रिक बाब होती. तुम्ही मोबाईल कानाला लावून पाठ वळवलीत आणि मी पत्रिकांच्या घड्या घालायचं सोंग केलं.

"प्रज्ञा, मेल फुटला वं. पह्यल्यापासून वाच."

पलीकडचे शब्द मला कळत नव्हते, आवाज तेवढा ऐकू येत होता. आधी भराभर, परीक्षेत धडा वाचावा तसा. मग अडखळत. मग थांबलाच. मग रडणं. तुम्ही मधून मधून "हं" म्हणत होतात आणि एकदा "पुढं", बाकी काही नाही. वाचून संपलं. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी भलतं बोलणार. तुम्ही घसा खाकरलात आणि विचारलंत, "मले सांग, त्याच्या नावावर थे लाट हाय ना, थे कशी काढाची?"

पलीकडे ती हसत होती का रडत होती ते सांगता येत नाही. तिनं आकडे सांगितले, एक कळ दाबून धरायची आणि ते आकडे मारायचे. तुम्ही ते पत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहून घेतलेत. लग्नाला हो म्हणण्याची तुमची पद्धत ही. घरी येऊन वहिनींना काय सांगितलंत? त्यांनीच मला नंतर सांगितलं, "हे म्हनाले, पोरीनं चांगलं नाव पाह्यलं." गावातल्या स्वागत समारंभाची पत्रिका आपल्याच दुकानात छापली आणि जावयाच्या नावावरची लाट तुम्ही भिंग घेऊन तपासलीत.

त्यानंतर ही गाय आली. मराठीतली जी जी अक्षरं प्रवासात मोडतात ती सगळी एका ओळीत जुळवायची, ती मेलच्या डोक्यावर ठेवायची, आणि मेल पाठवला की समोरच्याला फोन करून ती ओळ वाचायला लावायची. ती नीट गेली तर खालचं सगळं नीट गेलं. ज्ञ, ळ, ऋ, ऱ्ह, क्ष आणि शेवटी माझं नाव. "तुह्या नावातच अर्धी परीक्षा होऊन जाते," असं म्हणून तुम्ही मला त्या ओळीत कोंबलंत. गाय खरी होती, मागच्या गल्लीतल्या ज्ञानूची. दुपट्टाही खरा होता, ऋषीभाऊंना मेव्हण्याच्या लग्नात मिळालेला, टपरीच्या दांडीवर वाळत घातलेला. पण मी नुसती पाहत राहिले हे धादांत खोटं. मी हाकललं होतं, फूटपट्टी घेऊन धावले होते. किती वर्षं मी तुम्हाला ते बदला म्हणून सांगत होते. "पाहत राह्यली बरी वाटते," तुम्ही म्हणायचात. "हाकलली म्हटलं तं वाक्य लंबं होते."

आणि मग ते फोन. चंद्रपूरच्या एका कार्यालयातला तो बाबू आठवतो? त्याला तुम्ही मेल पाठवलात आणि लगेच फोन. "साहेब, गाय पोचली का? पह्यली ओळ वाचा फक्त." तो वैतागला. "कोणाची गाय? हे पशुवैद्यकीय नाही." तुम्ही शांतपणे म्हणालात की साहेब, वाचा, ऋ नीट आला का तेवढं सांगा. त्यानं वाचली, आणि अर्ध्यात त्याच्या मागून कोणीतरी विचारलं, "अहो, हे काय चाललंय?" मी इकडे हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. पण तो माणूस नंतर दरवेळी आपणहून फोन करून सांगायचा, गाय पोचली म्हणून. चामोर्शीहून, आष्टीहून, सिरोंच्याहून अशी पोच यायची. सिरोंच्याच्या मास्तरांचा ज्ञ तेलुगूच्या वळणानं यायचा, पण यायचा.

जुआंव पहिल्यांदा आला तेव्हा त्याला मराठीचं एकच वाक्य येत होतं आणि ते कोणतं हे सांगायला नको. तुमचे मेल त्यालाही जायचे आणि तुमचे फोनही. उंचापुरा माणूस दुकानाच्या दारात वाकून आत आला, हात जोडले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ज्ञानूच्या काल्या गाईनं. त्याला ळ काही जमेना. ऋषीभाऊंची ओळख करून दिली तर तो त्यांचा हात हातात घेऊन दुपट्ट्याबद्दल हळहळायला लागला, प्रज्ञा मधे दुभाषी. मार्कंड्याच्या देवळापाशी तुम्ही त्याला वैनगंगेच्या काठी बसवून ळ शिकवत होतात. शेजारी वहिनी आणि प्रज्ञा आपापलं बोलत होत्या. तुम्ही आणि प्रज्ञा मात्र त्या महिनाभरात एकमेकांशी काय बोललात, भाऊ? मी पाहिलं त्याप्रमाणे, जेवण, तब्येत आणि तिच्या मशीनमधल्या मराठी कीबोर्डची मांडणी.

इथे आपला खरा वाद आहे आणि तो अर्धाच राहिला. मी म्हणायची, तो मेल फुटला हे बरं झालं. नीट पोचला असता तर तुम्ही तो वाचला असता, चार दिवस गप्प बसला असतात, आणि मग चार ओळींचं उत्तर टाइप केलं असतं. तिचं रडणं तुमच्या कानावर कधी पडलंच नसतं. यावर तुम्ही फार चिडायचात. "नाई. अक्षर पोचलं असतं तरी म्या फोन केला असता." मी म्हणायची, कधीच केला नसता. तुम्ही म्हणायचात, "तुले काय मालूम?" आणि मग दिवसभर माझ्याशी बोलणं बंद, काय हवं ते चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचं. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध होत होतं, पण ते दाखवून द्यायची सोय नव्हती.

पुढे काही फुटेनासं झालं. सगळी यंत्रं शहाणी झाली. शेंबडं पोर मोबाईलवर मराठी लिहितं आणि ते जगात कुठेही जातं. तुमच्यासारख्या माणसाला याचा किती आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मी शेजारच्या खुर्चीवर होते, भाऊ. तुमचे फोन कमी झाले. बाबूला करायचं कारण उरलं नाही, मास्तरांना उरलं नाही, आणि प्रज्ञालाही उरलं नाही. रविवारी तिचा मेल यायचा, गायीसकट, एक वेलांटी चुकलेली नसायची. तुम्ही तो पडद्यावर बोट फिरवत वाचायचात, उत्तर टाइप करायचात, आणि मोबाईल टेबलावर तसाच पडलेला असायचा. एकदा वाचून झाल्यावर चष्मा काढून तुम्ही म्हणालात, "फुटत नाई आता काई." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही लगेच लाइटचं बिल काढायला आलेल्या बाईकडे वळलात. त्या दिवशी मी तुम्हाला चिमटा काढू शकले असते, पण नाही काढला. तुमचा आवाज बरा नव्हता.

आता परवाचं सांगते. तुमच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या सकाळी प्रज्ञाचा मेल आला. "ताई, माझ्यानं बोलवणार नाही. बाबांसाठी हे लिहिलंय, तुम्ही वाचा." खाली गाय. गायीखाली पानभर मजकूर. मी दुकानात उभ्यानंच वाचला आणि मग बसले. सगळं जागच्या जागी होतं, ज्ञ, ळ, माझं नाव, जुआंवच्या नावावरची लाटसुद्धा. मी प्रिंट काढली आणि साडीला चिकटू नये म्हणून शाई वाळेपर्यंत हातात धरून उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी.

घरासमोर मांडव होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, तुमचे छापखान्यातले सोबती बोलले, एकजण तर खिळ्यांबद्दलच बोलत राहिला. मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, कागद उघडला, आणि पहिला शब्द तोंडातून निघेना. बाबा. तो माझा शब्द नव्हता. समोर वहिनी बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि कागदाकडेही बघत नव्हत्या. माझ्या दुसऱ्या हातातल्या मोबाईलकडे बघत होत्या.

मी कागद मिटला. नुसता फोन लावला तर ती उचलणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून आधी लिहून पाठवलं. मेल फुटला. सगळी प्रश्नचिन्हं. लोक बसलेत. मग फोन लावला.

तिनं उचलला. "ताई?" तुम्ही गेल्यापासूनचा तिचा पहिला आवाज तो. घोगरा, ओळखू न येण्यासारखा. "गाय पोचली नाई का?"

"नाई वं. एकट्या जुआंवचं नाव राह्यलं."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मांडवात कोणीतरी खोकलं. मग ती म्हणाली, "थांबा. वाचते." मी मोबाईल माईकला लावला.

गाय तिनं भराभर वाचली. दुपट्टा आला तेव्हा मागून ऋषीभाऊ म्हणाले, "माह्या साळ्याच्या लग्नातला होता तो," आणि लोक हसले. आणि ज्योत्स्ना नुसती पाहत राहिली, इथपर्यंत आली आणि थांबली. मग "बाबा" म्हणाली आणि तिचा बांध फुटला. सगळ्या मांडवात, कर्ण्यातून, पार बसस्टँडपर्यंत गेलं असेल ते रडणं. कोणी तिला गप्प केलं नाही. वहिनी उठल्या, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि दोन्ही हातांत धरून त्याला म्हणाल्या, "हळू वाच वं, प्रज्ञा. आमी सारे बसून हाओ. जेवली का तू?" "नाई, आई." "वाचून झालं का जेव." मग तिनं वाचलं, अगदी शेवटपर्यंत. काय वाचलं ते मी इथे लिहीत नाही. ते तुमचं आहे आणि मांडवातल्यांनी ऐकलं आहे. त्या रात्री वहिनी तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

तर भाऊ, मी खोटं बोलले. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे आणि त्यावरचं एकेक अक्षर शाबूत आहे. तुम्ही असतात तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. धडधाकट मेलला फुटला म्हणालीस? प्रश्नचिन्हं आली म्हणालीस? इतकी वर्षं मी तुम्हाला फोटो पाठवा, फोटो पाठवा म्हणून छळलं, त्याच्यापेक्षा हे वाईट. चार दिवस चिठ्ठ्यांवर कारभार चालला असता. मला चालला असता. तुमच्या हातची ती चिठ्ठी पुढे सरकत यावी, तीवर नुसतं "स्टेपलर" लिहिलेलं असावं, एवढंही आता पुष्कळ झालं असतं.

तुमच्यामुळे मला अक्षराची किंमत कळली, हे तुमच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही. तुम्हाला चढली असती. आणि मीच बरोबर होते हेही आता कोणाला सांगू? तुम्ही म्हणणार, नाई, म्या फोन केला असता. कदाचित केलाही असता. हा वाद एकटीनं पुढे नेता येत नाही, मी दोन दिवस प्रयत्न केला. दोन्ही बाजू मीच मांडते आणि तुमच्या बाजूनं बोलताना मला रडू येतं.

ओळीतलं शेवटचं बदलून टाकावं असं आज मनात आलं होतं. आता हरकत घ्यायला तुम्ही नाही. टाइप करून पाहिलं, वाक्य खरंच लांब होतं. पुन्हा होतं तसं केलं.

दुकान बंद करत होते तेव्हा मोबाईल वाजला. प्रज्ञा. मेसेज नाही, फोन, आणि आपणहून. आईची चौकशी केली, ऋषीभाऊंची केली, जुआंव शेजारून काहीतरी ओरडला ते सांगितलं. मग तिनं विचारलं, "ताई, परवा गाय पोचली होती ना?"

मी म्हटलं, "हाव."